नेरूलचा अर्क ते न्यूयॉर्कचा ग्लास : ‘पंच’चा चारशे वर्षांचा प्रवास

१/
कोणत्याही मोठ्या बारचा मेनू उघडला की नावांची रांग दिसते. डायक्विरी, मार्गारिटा, टॉम कॉलिन्स, व्हिस्की सावर, मॅनहॅटन, ओल्ड फॅशन्ड. नवख्या माणसाला ही परकी लिपी वाटते. वस्तुतः यांतील बहुतेक नावांमागे दोनच सूत्रे आहेत, आणि त्यांपैकी जुन्या सूत्राचा माग थेट कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर येऊन पोहोचतो. हा थ्रेड त्या सूत्राविषयी. #इतिहास #थ्रेड 👇

२/
सप्टेंबर १६३२. ईस्ट इंडिया कंपनीच्या रॉबर्ट ॲडम्स नावाच्या नोकराने कोरोमंडल किनाऱ्यावरील अरमागाव येथून आपल्या सहकाऱ्याला पत्र लिहिले. त्यात ‘पंच’ या पेयाचा उल्लेख येतो. इंग्रजीतील हा त्याचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख मानला जातो. पंच म्हणजे काय, याचे स्पष्टीकरण पत्रात नाही. लिहिणारा आणि वाचणारा, दोघांनाही ते ठाऊक होते.

३/
या पेयाची गरज का पडली, हे समजण्यासाठी गलबतावर जावे लागेल. युरोपातून निघालेली बिअर उष्ण कटिबंधात येईतो आंबून जाई आणि वाइन महाग पडे. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर मात्र ताडामाडाचा अर्क, लिंबू, साखर आणि जायफळ सहज मिळे. नुसता अर्क घशाला जाळी. पाणी, लिंबू आणि साखर घातली की तो पिण्याजोगा होई.

४/
१६३८ मध्ये योहान आल्ब्रेख्ट फॉन मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी सुरतेच्या इंग्रज वखारीत राहिला. शिवरायांच्या १६६४ च्या स्वारीमुळे मराठी वाचकांना परिचित असलेली हीच ती वखार. तेथील इंग्रज व्यापारी ‘पालेपुंट्झ’ पीत असल्याची नोंद त्याने केली आहे. त्यातील घटक मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. पुढे फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निये यानेही ‘बुलेपोंज’ असा उल्लेख केला. दोन्ही शब्द म्हणजे ‘बोल ऑफ पंच’, अर्थात पंचाचे वाडगे, या इंग्रजी शब्दांचे परक्या कानांनी टिपलेले रूप.

५/
यानंतर येतो डॉ. जॉन फ्रायर. मराठी इतिहासाच्या अभ्यासकांना हे नाव नवे नाही. कंपनीचा हा वैद्य १६७० च्या दशकात मुंबई-सुरत परिसरात होता. जुन्नरच्या मोगल अधिकाऱ्याने त्याला उपचारासाठी बोलावून घेतले होते. रायगडावरील राज्याभिषेकाच्या वेळी गेलेल्या इंग्रज वकिलातीचा वृत्तांतही त्याच्या ग्रंथात आहे. हा ग्रंथ १६९८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला.

६/
गोव्याचे वर्णन करताना फ्रायर एका गावाचे नाव घेतो : नेरूल. नवी मुंबईतील नेरूळ नव्हे, तर मांडवीच्या मुखाजवळ बार्देश तालुक्यात वसलेले नेरूल. उत्तम अर्क येथेच तयार होतो आणि किनाऱ्यावरचे इंग्रज त्यापासून पंच बनवतात, अशी त्याची नोंद आहे. हे पेय माणसाची शक्ती हरण करते, असा वैद्यकीय शेराही तो मारतो. पुढे तो शब्दाची व्युत्पत्ती सांगतो. ‘पंच’ म्हणजे हिंदुस्थानी भाषेतील पाच, कारण घटक पाच.

७/
हे पाच घटक सामान्यतः असे मोजले जातात : मद्य, आंबट, गोड, पाणी आणि मसाला. पंचामृत आणि पंचखाद्य ठाऊक असलेल्या मराठी माणसाला ही व्युत्पत्ती लगेच पटते. मात्र विद्वानांत तिच्यावर एकमत नाही. मांडेल्स्लोच्या यादीत चारच घटक आहेत. सतराव्या शतकातील इंग्रजी उच्चारही ‘पंच’ऐवजी ‘पुंच’कडे झुकणारा होता. त्यामुळे ‘पंचन’ या लाकडी पिंपाच्या नावावरून खलाशांनी हा शब्द घडवला असावा, असा दुसरा तर्क मांडला जातो.

८/
शब्दाचा वाद कसाही सुटो, पेयाच्या जन्मस्थानाबाबत पुरावे एका दिशेने बोट दाखवतात. अरमागाव, सुरत, नेरूल : सुरुवातीचे हे उल्लेख हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरचे आहेत. आणि त्या वाडग्यातील मुख्य घटक कोणा इंग्रजाने बनवलेला नव्हता.

९/
तो बनत असे माडावर. नारळाची न उमललेली पोय बांधायची, हलके ठोकून मऊ करायची आणि टोकाला धारदार कोयत्याने पातळ काप द्यायचा. मग थेंबथेंब रस मडक्यात साठतो. सकाळ-संध्याकाळ झाडावर चढून तो उतरवावा लागतो. ताजा असताना ती नीरा, आणि काही तासांत आपोआप आंबली की माडी. ही माडी भट्टीत चढवून वाफ थंड केली की अर्क. ‘अरक’ या मूळ अरबी शब्दाचा अर्थ घाम. भांड्याला सुटणाऱ्या थेंबांवरून पडलेले हे नाव आहे.

१०/
कोकण आणि मुंबईत हे काम परंपरेने भंडारी समाजाचे होते. गोव्यात माडावर चढणाऱ्याला रेंदेर म्हणतात. काप किती पातळ घ्यायचा, पोय केव्हा बांधायची, पहिल्या धारेचा अर्क कुठे थांबवायचा, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नव्हते. ते बापाकडून मुलाकडे गेले. फ्रायरने गावाचे नाव लिहिले. अर्क गाळणाऱ्या माणसांपैकी एकाचेही नाव त्याच्या नोंदीत नाही.

११/
कंपनीच्या जहाजांबरोबर पंच इंग्लंडला पोहोचला आणि तेथे प्रतिष्ठित झाला. लिंबू, साखर, जायफळ, अर्क हे सारे तेथे आयात होई, म्हणून महाग. चिनी मातीचे मोठे वाडगे आणि लांब दांड्याची पळी ही श्रीमंत घरांची शोभा ठरली. वेस्ट इंडीजमध्ये अर्काची जागा रमने घेतली. बार्बाडोसमध्ये प्रमाण असे रूढ झाले : आंबट १, गोड २, मद्य ३, पाणी ४. एकापासून चारपर्यंत मोजत गेले की सूत्र पाठ.

१२/
येथेच पहिले ‘तयार मिश्रण’ जन्माला आले. लिंबू नेहमी मिळत नसे, म्हणून लिंबाचा रस, साखर आणि मद्य एकत्र मुरवून बाटल्यांत भरून ठेवत. त्याला ‘श्रब’ म्हणत. हा शब्द अरबीतून आला आणि आपल्या ‘सरबता’शी त्याचे मूळ एकच आहे. आज दुकानात मिळणाऱ्या कॉकटेल मिक्सचा हा पूर्वज. ताजे फळ हाताशी नसलेल्या माणसाने शोधलेला तो उपाय होता.

१३/
मग दुसरे सूत्र आले. १३ मे १८०६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील हडसन गावच्या एका साप्ताहिकात संपादकाने वाचकाच्या प्रश्नाला उत्तर देताना ‘कॉकटेल’ची व्याख्या छापली : कोणतेही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स. बिटर्स म्हणजे साली, मुळे आणि मसाल्यांचा मद्यात उतरवलेला कडू अर्क. औषध म्हणून तो घेतला जाई. आजही बारमध्ये दिसणारे अँगोस्टुरा बिटर्स १८२४ मध्ये व्हेनेझुएलात डॉ. योहान सीगर्ट या जर्मन लष्करी वैद्याने तयार केले.

१४/
दोन्ही सूत्रे शेजारी ठेवावीत.
पंच : मद्य + आंबट + गोड + पाणी + मसाला.
कॉकटेल : मद्य + गोड + पाणी + कडू.
मसाल्याची जागा बिटर्सने घेतली आणि लिंबू गेले. येथून मिश्र मद्यांची दोन घराणी सुरू होतात : एक आंबट, एक कडू. संगीतातल्या घराण्यांप्रमाणेच, ऐकणाऱ्याला दोन्हींची चाल ओळखता आली की पुढचे सोपे.

१५/
वाडग्याचा ग्लास होण्यामागे बर्फाचाही हात आहे. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्युडरने गोठलेल्या तळ्यांतून कापलेला बर्फ जहाजांनी जगभर विकला. १८३३ मध्ये तो कलकत्त्याला आणि लवकरच मुंबईलाही पोहोचला. भुशात गुंडाळलेल्या या लाद्यांनी चार महिन्यांचा समुद्रप्रवास सोसला. बर्फ स्वस्त झाला तसा एकेका गिऱ्हाइकासाठी स्वतंत्र पेय हलवून देणे शक्य झाले. वितळणारा बर्फ हेच सूत्रातील ‘पाणी’ बनले.

१६/
१८६२ मध्ये जेरी थॉमस या अमेरिकन बारमनने मिश्र पेयांच्या कृतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची सुरुवातच पंचांनी होते आणि त्यात अर्काच्या पंचालाही जागा आहे. म्हणजे आधुनिक बारचा पहिला महत्त्वाचा ग्रंथ उघडतो तो सुरत-गोव्याच्या पेयाने. वाचणाऱ्या अमेरिकनांना हा वारसा ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

१७/
त्याच सुमारास बाटलीबंद मिश्रणांचा उद्योग उभा राहिला. १८५८ मध्ये लंडनच्या इरॅस्मस बाँडने क्विनाइनयुक्त टॉनिक वॉटरचे पेटंट घेतले. १८६७ मध्ये लॉक्लन रोझने मद्याशिवाय लिंबाचा रस टिकवण्याची पद्धत पेटंट केली. त्याच वर्षीच्या ब्रिटिश कायद्याने व्यापारी जहाजांवर स्कर्व्हीविरुद्ध लिंबाचा रस सक्तीचा केला, आणि रोझला बाजारपेठ मिळाली. जिनमध्ये हाच रस घातला की ‘गिमलेट’. १८९२ मध्ये अमेरिकेच्या ह्युब्लाइन कंपनीने संपूर्ण तयार कॉकटेल बाटलीत भरून विकायला काढले.

१८/
आता याच काळातील मुंबई इलाखा पाहावा. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला. माडी काढण्यासाठी परवाना आणि झाडागणिक कर बंधनकारक झाला. गावोगावच्या लहान भट्ट्यांऐवजी मोठ्या, मक्तेदारांच्या भट्ट्यांतील दारू विकली जाऊ लागली. १८९२ मध्ये ठाणे-कुलाबा भागांत मोहाच्या फुलांच्या साठ्यावरही निर्बंध आले. लंडनमध्ये लिंबाच्या रसाला पेटंटचे संरक्षण मिळत होते. कोकणात पिढीजात कोयता चालवणारा परवान्याअभावी गुन्हेगार ठरत होता.

१९/
सरकारची कारणमीमांसा दारूचे प्रमाण कमी करण्याची होती, पण अबकारी हे इलाख्याच्या महसुलाचे मोठे साधनही होते. याच दुटप्पीपणावर राष्ट्रीय चळवळीने बोट ठेवले. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि तो नाव बदलून महाराष्ट्रात आजही लागू आहे. रस्त्यावरची ‘परमिट रूम’ ही पाटी त्याचीच खूण. गोवा तेव्हा पोर्तुगीज अंमलाखाली असल्याने हा कायदा तेथे पोहोचला नाही. माडाची फेणी तेथे टिकून राहिली, आणि काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

२०/
या इतिहासाचा मेनू वाचताना काय उपयोग? नावे घराण्यांत लावावीत.
डायक्विरी : रम, लिंबू, साखर.
मार्गारिटा : टकीला, लिंबू, संत्र्याचे गोड मद्य.
टॉम कॉलिन्स : जिन, लिंबू, साखर, सोडा.
हे सारे पंचाचे, आंबट घराण्याचे वंशज.
मॅनहॅटन : व्हिस्की, गोड व्हर्मूथ, बिटर्स. ओल्ड फॅशन्ड : व्हिस्की, साखर, बिटर्स.
हे १८०६ च्या व्याख्येतले, कडू घराण्याचे.

२१/
‘ओल्ड फॅशन्ड’ हे नाव तर मुळात ऑर्डरच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बारमन कॉकटेलमध्ये नाना गोड मद्ये मिसळू लागले. जुन्या गिऱ्हाइकांना ते रुचेना, म्हणून ते ‘जुन्या पद्धतीचे द्या’ असे सांगत. त्यांना सूत्र ठाऊक होते, त्यामुळे मागणी एका वाक्यात करता येई. आजही तेवढेच लागते : कोणते मद्य, आंबट की कडू, गोडी किती, बर्फावर की बर्फाविना.

२२/
तयार मिक्सलाही हीच कसोटी लावावी. बाटलीवरील घटक वाचले की तिने सूत्रातले कोणते खाने भरले आहेत ते कळते. सावर मिक्समध्ये आंबट आणि गोड दोन्ही असतात, म्हणून वर पुन्हा साखर घालणे चूक. टॉनिकमध्ये कडू, गोड आणि पाणी असते. उणीव असते ती लिंबाच्या फोडीची. १९८० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या रेनबो रूममध्ये डेल डिग्रॉफने ताज्या रसाकडे पुन्हा वळण घेतले, तेव्हा त्याने नवे काही शोधले नव्हते. पंचाच्या वाडग्यात लिंबू ताजेच पिळले जाई.

२३/
एक सूचना आवश्यक : महाराष्ट्रात कडक मद्यासाठी कायदेशीर वय २५ वर्षे आहे. आणि फ्रायरचा वैद्यकीय शेरा साडेतीनशे वर्षांनंतरही खोटा ठरलेला नाही. घराणी ओळखायला ग्लास रिकामा करावा लागत नाही.

२४/
मॅनहॅटन हे न्यूयॉर्कचे बेट, डायक्विरी हे क्यूबातले खेडे. ही दोन्ही नावे जगभरच्या मेनूंवर छापली जातात. ज्या गावाच्या अर्काची ख्याती १६९८ च्या लंडनमध्ये छापली गेली, ते नेरूल मात्र कोणत्याही प्रसिद्ध पेयाच्या नावात नाही. पुढच्या वेळी कोणी बारमध्ये पंच मागवील, तेव्हा शेजाऱ्याला एवढे सांगता येईल : हे सूत्र हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर जुळले होते, आणि त्यातल्या अर्कासाठी माड चढणारा माणूस आपल्याच किनाऱ्यावरचा होता.
(थ्रेड समाप्त)