काचेचे ओझे उतरवणारे सौरघट

यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबनची ओळख कोळसा आणि सिमेंट यांच्यामुळे आहे. परिसरात कोळशाच्या खाणी आहेत आणि २०२२ मध्ये येथे मोठा सिमेंट प्रकल्पही सुरू झाला. विदर्भातील उन्हाविषयी तर वेगळे सांगायला नको. तरीही छतावर सौर वीज निर्माण करायची म्हटली, की पहिला प्रश्न छताचाच येतो. काँक्रीटच्या स्लॅबला पॅनेलचा भार सहज पेलतो; लाकडी वाशांवर टेकलेल्या जुन्या पत्र्याचे तसे नाही. झरी-जामणी तालुक्यातील कोलाम पोडांवर वा शहरातील झोपडवस्तीत अडचण एकच आहे.

नेहमीच्या पॅनेलचे वजन चौरस मीटरला साधारण १० ते १२ किलो भरते. गंमत अशी, की प्रत्यक्ष वीज निर्माण करणारे सिलिकॉन त्यात अर्धा किलोही नसते. उरलेले ओझे मुख्यतः काचेचे आणि ॲल्युमिनियमच्या चौकटीचे. सिलिकॉनचा स्फटिक प्रकाश सावकाश शोषतो, म्हणून त्याची चकती सुमारे १५० मायक्रॉन जाड ठेवावी लागते. ती ठिसूळ असल्याने तिला काचेचा आधारही लागतो. याउलट तांबे, इंडियम, गॅलियम व सेलेनियम यांचे संयुग किंवा कॅडमियम टेल्युराइड अवघ्या दोन-तीन मायक्रॉनच्या थरात बहुतेक प्रकाश टिपून घेते. इतका पातळ थर प्लॅस्टिकच्या वा धातूच्या पापुद्र्यावर चढवला, तर सौरघट वाकतो, गुंडाळता येतो आणि छताला चिकटवताही येतो.

हा थर चढवायचा कसा, या प्रश्नावर महाराष्ट्रात दीर्घकाळ काम झाले आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महागड्या निर्वात यंत्रांऐवजी रासायनिक द्रावणांचा मार्ग धरला. पट्टी एका द्रावणात बुडवायची, पाण्यात धुवायची, दुसऱ्या द्रावणात बुडवायची आणि पुन्हा धुवायची. प्रत्येक फेरीत थराची जाडी किंचित वाढते. ‘सिलार’ नावाच्या या पद्धतीचा एच. एम. पठाण आणि लोखंडे यांनी २००४ मध्ये घेतलेला आढावा आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतो. हे काम साध्या तापमानाला होत असल्याने प्लॅस्टिक वितळण्याची भीती नाही. मात्र प्रयोगशाळेतील पट्टीपासून कारखान्यातील गुंडाळीपर्यंतचे अंतर फार मोठे आहे.

ते किती मोठे, हे स्वित्झर्लंडमधील ‘एम्पा’ संस्थेच्या अनुभवावरून कळते. अयोध्या नाथ तिवारी यांच्या गटाने १९९९ मध्ये लवचीक प्लॅस्टिकवरील घटात १२.८ टक्के कार्यक्षमता मिळवली होती. २०१३ मध्ये ती २०.४ आणि २०२२ मध्ये २२.२ टक्क्यांवर पोहोचली. म्हणजे साडेनऊ टक्क्यांच्या भरीसाठी तेवीस वर्षे लागली!

कार्यक्षमतेपेक्षाही अवघड प्रश्न ओलाव्याचा आहे. काच जड खरी, पण ती बाष्प अडवते. साध्या प्लॅस्टिकमधून ते हळूहळू आत झिरपते आणि थर खराब करते. सिलिकॉन पॅनेलला पंचवीस वर्षांची हमी मिळते ती मुख्यतः या बंदिस्तपणामुळे. बाष्परोधक आवरण करता येते, पण ते महाग पडते. शिवाय छताला चिकटवलेल्या पट्टीखालून वारा खेळत नाही, त्यामुळे ती अधिक तापते आणि वीज घटते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या भागात याकडे काणाडोळा करून चालणार नाही.

बाजाराचा फटका वेगळाच. स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यावर अस्फटिकी सिलिकॉनचा थर देऊन लवचीक पट्ट्या तयार करणारी अमेरिकेतील ‘युनि-सोलर’ ही या क्षेत्रातील अग्रणी होती. नेहमीच्या सिलिकॉन पॅनेलचे भाव कोसळले आणि तिच्या मूळ कंपनीने फेब्रुवारी २०१२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली.

अलीकडे आशा पेरोव्हस्काइट या पदार्थाकडे वळली आहे. जपानच्या सेकिसुई कंपनीच्या अशा लवचीक पट्ट्या २०२५ च्या ओसाका प्रदर्शनात बस स्थानकाच्या छपरावर सुमारे २५० मीटर लांबीत बसवण्यात आल्या. मुंबईच्या आयआयटीतील राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन केंद्रानेही पेरोव्हस्काइट आणि सिलिकॉन यांच्या दुहेरी घटात २६ टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता मिळवली आहे. पण तो घट सिलिकॉनवर बेतलेला आहे, गुंडाळता येणारा नव्हे. पेरोव्हस्काइटला तर ओलावा आणि उष्णता दोन्ही सोसत नाहीत. पत्र्याच्या छताखाली राहणाऱ्या ग्राहकाने हलकी पट्टी घेताना वजनाआधी हमी किती वर्षांची, हे विचारावे.