दहरानच्या तीन वस्त्या

शुक्रवार, १६ ऑक्टोबर १९५३. दिवस कलतोय. तुम्ही सौदी अरबस्तानच्या पूर्व टोकाला, दहरानच्या टेकडीवर उभे आहात आणि अंगातला सदरा पाठीला चिकटलाय. वाळवंट म्हणजे कोरडी हवा, ही समजूत इथे पहिल्याच श्वासाला मोडते. आखात जवळच आहे. लांबवर आकाशात ज्वाळा जळताहेत. तेलाबरोबर वर येणारा वायू असाच पेटवून देतात. इथलीच दम्माम क्रमांक ७ ही विहीर. १९३३ साली कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइलने राजे इब्न सौद यांच्याकडून तेल शोधण्याचा हक्क मिळवला, पाच वर्षं हाती फारसं काही लागलं नाही, आणि मार्च १९३८मध्ये या विहिरीने सुमारे १,४४० मीटर खोलीवरून तेल दिलं. त्या हक्कातून इथे उभ्या राहिलेल्या कंपनीला आता सगळे अरॅम्को म्हणतात.

उतारावरून खाली या. आधी लागते अमेरिकनांची वस्ती. कुंपणापलीकडे हिरवळ आहे, तिच्यावर पाण्याचे फवारे फिरताहेत. बंगल्यांमधून वातानुकूलन यंत्रांची घरघर ऐकू येते. पोहण्याचा तलाव, चित्रपटगृह, सायकलींवरची मुलं. टेक्सास किंवा कॅलिफोर्नियातलं एखादं उपनगर उचलून इथे ठेवल्यासारखं. एका स्वयंपाकघरातून आंबूस वास येतो. गेल्या वर्षी राजाने परदेशी लोकांचीही दारू बंद केली. त्याच्या एका मुलाने जेद्दामध्ये ब्रिटिश उपवाणिज्यदूताला गोळी घालून ठार केलं, त्यानंतरचा हा हुकूम. तेव्हापासून इथे घरोघरी गुपचूप दारू गाळली जाते. फाटकावरचा पहारेकरी तुमच्या चेहऱ्याकडे पाहतो आणि मान हलवतो. आत जाता येणार नाही.

मग पुढे चला. मधली वस्ती इटालियन, हिंदुस्थानी, पाकिस्तानी नोकरांची. ओट्यावर बसलेला एक टायपिस्ट तुमचं बोलणं ऐकून चटकन उठतो. तो रत्नागिरीकडचा, मुंबईत भरती होऊन आलेला. ‘‘या भाऊ, बसा. चहा घ्या.’’ मग आवाज उतरवून सांगतो, ‘‘आज अरबांच्या वस्तीकडे नका जाऊ. त्यांचे पुढारी धरून नेलेत. उद्या काहीतरी होणार.’’ तुम्ही विचारता, तुम्ही त्यांच्या बाजूचे का? तो बशीतला चहा फुंकत राहतो. मग म्हणतो, ‘‘आम्ही कोणाच्याच बाजूचे नाही, भाऊ. आमचा करार संपला की बोटीत बसवतील.’’

त्याचं न ऐकता जा. हिरवळ कधीच संपलेली असते, आता रस्ताही संपतो. वाळूत तंबू, बराकी आणि खजुराच्या झावळ्यांच्या झोपड्या. ज्यांच्या जमिनीखालून हे तेल निघतं, त्यांची ही वस्ती. अमेरिकन माणूस बायकामुलांसह राहतो. या वस्तीतल्या अरब कामगाराला इथे कुटुंब आणता येत नाही. तिकडच्या चित्रपटगृहात याला प्रवेश नाही. पिण्याच्या पाण्याचे नळसुद्धा वेगळे. इथले बरेच वरिष्ठ ज्या अमेरिकेतून आलेत, तिच्या दक्षिणेत गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा आजही वेगळ्या आहेत. तो भेद घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला अजून सात महिने आहेत. माणसांची अशी वाटणी त्यांनी सोबतच आणली, असं मला वाटतं, आणि वाळवंटात ती आखायला त्यांना कोणी अडवलं नाही.

शेकोटीभोवती माणसं बसली आहेत. बरेचसे कतीफ आणि अल-हसाच्या मरूद्यानांतले शिया, काही नज्दमधले बेदुइन. तुम्हाला कहवा मिळतो, वेलचीचा वास असलेला, बिनसाखरेचा. एकजण तुम्हाला सगळं सांगतो, मोडक्या इंग्रजीत, पण एकेक मुद्दा नेमका. मे महिन्यात १५५ जणांनी अर्जावर सह्या केल्या. पगार, घरं, वागणूक, आणि कामगारांच्या वतीने बोलणाऱ्या समितीला मान्यता. समितीतले काहीजण कंपनीनेच परदेशी शिकायला पाठवलेले. तिथे त्यांनी कामगार संघटना पाहिल्या आणि परत येऊन तेच मागितलं. कंपनी समितीला कामगारांचा प्रतिनिधी मानायला तयार नव्हती. सरकारने पुढाऱ्यांना तुरुंगात टाकलं.

इथे मला थांबून सांगावंसं वाटतं. हा तंटा केवळ पैशांचा असता तर तो लवकर मिटला असता. कंपनीने इस्पितळ बांधलं, धंदेशिक्षण दिलं, घरासाठी कर्ज द्यायला सुरुवात केली. हे खरं आहे आणि नाकारू नये. पण ज्याला तुम्ही यंत्र चालवायला शिकवता, त्याला संध्याकाळी कुंपणाबाहेर काढता, तेव्हा तो तुमचे उपकार मोजत बसत नाही. तो कुंपण मोजतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाचे भोंगे होतात आणि माणसं येत नाहीत. दहरान, रास तनुरा, अबकैक. १३ हजारांच्या आसपास कामगार संपावर आहेत. लष्कर येतं. पुढाऱ्यांना सोडा, एवढीच आता पहिली मागणी. संप नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत टिकतो, मग मोडतो. ९ नोव्हेंबरला म्हातारा राजाही जातो. नव्या राजाच्या अमलात पगार वाढतात, घरं सुधारतात. समितीला मान्यता मात्र मिळत नाही.

आता जून १९५६. राजे सौद दहरानला आले आहेत आणि कामगार फलक घेऊन रस्त्यावर उभे आहेत. अटका, मारहाण, आणि त्याच महिन्यात शाही फर्मान: संप करणाऱ्याला तुरुंग. फर्मान सौदी राजाचं आहे, त्यावर एकाही अमेरिकनाची सही नाही. म्हणून ‘स्थानिक विरुद्ध परके’ एवढ्यावर ही कहाणी संपवली की तिचा मोठा भाग निसटतो. कुंपण परक्यांनी घातलं. ते राखायचं काम राजसत्तेने केलं, आणि दोघांचंही तेलात भागलं. १९५०च्या डिसेंबरपासून नफा निम्मा-निम्मा वाटला जात होता.

पुढची वर्षं भरभर सरतात. टेक्सासमध्ये भूशास्त्र शिकलेले अब्दुल्ला तरीकी १९६०मध्ये तेलमंत्री होतात आणि त्याच वर्षी बगदादला ओपेक ही तेल निर्यात करणाऱ्या देशांची संघटना स्थापन होते. १९७३ ते १९८० या काळात सौदी सरकार टप्प्याटप्प्याने अख्खी कंपनी विकत घेतं. १९८४मध्ये अली अल-नईमी अध्यक्ष होतात, या पदावर बसलेले पहिले सौदी. १९४७ साली बाराव्या वर्षी ते ऑफिसबॉय म्हणून लागले होते. त्या संपाच्या वेळी अठरा वर्षांचे होते. हा प्रवास मला मनापासून आनंद देतो.

पण त्याच काळात मजुरांच्या छावण्यांत नवी माणसं आली. कोकणातली, केरळातली, पाकिस्तानातली, फिलिपाइन्समधली. त्यांनाही बायकामुलं मागे ठेवावी लागली. त्यांचा करार संपला की त्यांनाही परत पाठवलं गेलं, फक्त बोटीऐवजी विमानाने. १९५३मध्ये कतीफच्या माणसाने जी मागणी केली, ती आज रत्नागिरीचा माणूस तिथे करू शकत नाही, कारण कामगार संघटनेला सौदी अरबस्तानात अजूनही परवानगी नाही.