काचेच्या दोषाला फुटलेले कान

१९६६ साली इंग्लंडमधल्या हार्लो इथल्या प्रयोगशाळेत चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी एक हिशेब मांडला. काचेच्या बारीक तंतूतून किलोमीटरभर गेल्यावर प्रकाशाचा शंभरावा भाग जरी शिल्लक राहिला, तरी त्यावर टेलिफोनचे जाळे उभे करता येईल. तेव्हाच्या काचतंतूंत प्रकाशाची एवढी घट वीसेक मीटरांतच होई. हा दोष मूळ काचेचा नाही, तिच्यात मिसळलेल्या लोखंडासारख्या अशुद्धींचा आहे, असे काओंचे म्हणणे होते. ते खरे ठरले. १९७० साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने ती मर्यादा ओलांडली आणि पुढे काच इतकी निर्मळ होत गेली, की आज किलोमीटरभर अंतरात प्रकाश जेमतेम साडेचार टक्के घटतो.

आज त्याच तंतूंवर भूकंप, लाटा आणि देवमाशांचे आवाज टिपले जातात. त्या विद्येची कुळकथा या साडेचार टक्क्यांपासून सुरू होते, कारण ही घट काही केल्या जात नाही. तंतू ओढताना काच तापून मऊ झालेली असते. ती निवताना तिच्यातले दाटपणाचे अतिसूक्ष्म चढउतार जागच्या जागी गोठतात. प्रत्येक चढउतारावर थोडा प्रकाश विखुरतो आणि त्यातला अगदी किंचित अंश आल्या वाटेने माघारी फिरतो. आकाश निळे का दिसते याचा उलगडा १८७१ साली जॉन स्ट्रट यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड रॅले यांनी, ज्या विकिरणाने केला, तेच हे विकिरण. हवेला जे निळेपण देते तेच काचेत शिरल्यावर संदेशवहनवाल्यांच्या डोळ्यांत खुपू लागले. या घराण्यात पुढे जे जे घडले, ते एकाने टाकाऊ ठरवलेले दुसऱ्याने उचलल्यामुळे घडले असे मला वाटते.

पहिले उचलणारे बार्नोस्की आणि जेन्सन. १९७६ साली ह्यूज रिसर्च लॅबोरेटरीजमध्ये त्यांनी तंतूच्या एकाच टोकातून प्रकाशाचा स्पंद सोडला आणि माघारी येणारा अंश वेळेनुसार मोजला. दरीत हाक मारून पडसाद किती वेळाने आला यावरून समोरचा कडा किती लांब ते ओळखावे, तशी ही रीत. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर. त्यामुळे माघारी आलेला प्रकाश कोणत्या क्षणी पोचला यावरून तो कोणत्या मीटरवरून आला हे कळते. केबल कुठे तुटली, कुठला जोड कच्चा आहे, हे खणल्याशिवाय सापडू लागले. दुरुस्तीवाल्यांचे हे अवजार आजही रोजच्या वापरात आहे.

पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत बुकारो आणि सहकाऱ्यांनी पाण्यातल्या ध्वनीच्या दाबाने तंतूतल्या प्रकाशाची कला, म्हणजे त्याच्या लहरीची स्थिती, बदलते हे दाखवले. पाणबुड्यांची चाहूल घ्यायला नौदलाला ते हवेच होते. मात्र त्यासाठी तंतूची खास वेटोळी करावी लागत आणि प्रत्येक वेटोळे एकाच जागचे ऐकत असे.

हे दोन धागे एकत्र आले ते टेक्सासमध्ये. हेन्री टेलर आणि चुंग ली यांना १९९३ साली घुसखोर ओळखण्याच्या यंत्रणेचे पेटंट मिळाले. त्यांची युक्ती लेझरच्या शुद्धतेत होती. अगदी एकाच रंगाचा, सुसंगत प्रकाश सोडला, की शेजारशेजारच्या चढउतारांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळून ठरावीक नक्षी उमटवतात. तंतू निश्चल असेपर्यंत नक्षी तीच राहते. वरच्या मातीवर कोणी पाऊल टाकले, तंतू कणभर ताणला गेला, की तेवढ्याच जागेची नक्षी बदलते. वेगळे संवेदक लावायची गरज नाही. गोठलेला प्रत्येक चढउतार हाच संवेदक.

पुढे संगणक वेगवान झाले आणि नक्षी बदलली एवढेच कळण्याऐवजी तंतू नेमका किती ताणला गेला हेही मोजता येऊ लागले. दहा मीटरांच्या तुकड्यात काही नॅनोमीटरांचा फरक पडला तरी तो दिसतो. पन्नास किलोमीटरवर जाऊन परतायला प्रकाशाला अर्धा मिलिसेकंद लागतो, म्हणून सबंध केबलची हजेरी सेकंदाला दोन हजार वेळा घेता येते. या पद्धतीला डिस्ट्रिब्यूटेड अकूस्टिक सेन्सिंग, थोडक्यात ‘डॅस’ म्हणतात. तिला आधी तेल आणि वायूच्या विहिरींनी पोसले, कारण खर्च करायची ऐपत त्यांचीच होती.

भूकंपवाले जरा उशिराच वळले. भूकंपमापक जमिनीत घट्ट रोवायचा असतो ही त्यांची शिकवण, आणि टेलिफोनचा तंतू तर प्लास्टिकच्या नळीत सैल पडलेला. त्यात गोंगाटाखेरीज काय मिळणार? स्टॅनफर्ड विद्यापीठात बियोंडो बियोंडी यांच्या गटाने २०१६ साली परिसरातल्या नळ्यांतूनच पावणेपाच किलोमीटरचे कडे जोडले आणि वर्षभरात त्यावर शेकडो धक्के नोंदले. मेक्सिकोचा २०१७चा ८.२ तीव्रतेचा भूकंपही त्यात होता. आइसलँडमध्ये पॉट्सडॅमच्या फिलिप जूसे यांच्या गटाने त्याआधीच, २०१५ साली, टेलिफोनच्या पंधरा किलोमीटर केबलवर मोजणी केली होती.

समुद्रातला प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो. कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात ५२ किलोमीटरची एक केबल खोल तळावरच्या उपकरणांना वीज आणि संपर्क पुरवते. मार्च २०१८मध्ये ती देखभालीसाठी बंद होती. नेट लिंडसे, क्रेग डॉव आणि जोनाथन अहो-फ्रँकलिन यांनी ते चार दिवस साधले. किनाऱ्याकडचे वीस किलोमीटर सुमारे दहा हजार संवेदकांसारखे वागले. गिलरॉयजवळच्या ३.४ तीव्रतेच्या भूकंपाच्या लहरी समुद्रतळावरून जाताना ठिकठिकाणी विखुरल्या आणि त्यावरून नकाशात नसलेले भ्रंश दिसले. भूकंप नसताना वरच्या लाटांचा तळावर पडणारा दाब उमटत राहिला. पृथ्वीचा सत्तर टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे आणि भूकंपमापक जवळजवळ सगळे जमिनीवर आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या चार दिवसांचे मोल कळते.

घराण्याची दुसरी शाखा ब्रिटनची. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतले ज्युसेप्पे मार्रा दूरदूरच्या अणुघड्याळांची तुलना तंतूवरून करत. त्यात रस्त्यावरच्या वाहतुकीचा गोंगाट मिसळे आणि तो वजा करणे हे रोजचे काम होते. २०१६ साली मध्य इटलीत भूकंप झाले, तेव्हा इंग्लंडमधल्या ७९ किलोमीटर तंतूच्या गोंगाटात त्यांची नोंद मार्रांना सापडली. मग माल्टा-सिसिली समुद्री केबलवरही हे जमले. ‘डॅस’चा हात एरवी शंभरेक किलोमीटरच्या पुढे पोचत नाही, कारण परतणारा प्रकाश क्षीण होतो आणि वाटेतल्या प्रवर्धकांतून, म्हणजे प्रकाश वाढवणाऱ्या यंत्रांतून, मागे येत नाही. मार्रांची रीत तंतूतून पार गेलेला प्रकाश मोजते, म्हणून तिला ती अडचण नाही. २०२२ साली त्यांनी इंग्लंड ते कॅनडा ५,८६० किलोमीटर केबलीवर प्रवर्धकांमधले तुकडे वेगवेगळे ऐकून दाखवले. त्याआधी कॅलटेकच्या झोंगवेन झान यांनी लॉस एंजेलिस ते चिली जाणाऱ्या गूगलच्या केबलीत प्रकाशाचे ध्रुवण, म्हणजे त्याच्या लहरीच्या कंपनाची दिशा, बदलते त्यावरून जमैकाजवळचा जानेवारी २०२०चा ७.७ तीव्रतेचा भूकंप ओळखला होता. ध्रुवणातले हे चढउतार संदेशवहनाची यंत्रे एरवी दुरुस्त करून फेकून देतात. आर्क्टिकमध्ये स्वालबार्डच्या केबलीवर २०२० सालीच ‘डॅस’ला देवमाशांचे आवाजही मिळाले.

भारतात टेलर-ली यांची शाखा हत्तींच्याही कामी आली. ईशान्य सीमांत रेल्वेने २०२२ साली अलिपूरद्वार आणि लुमडिंग विभागांत रुळांशेजारच्या तंतूंवर हत्तीच्या पावलांचे कंप ओळखायला सुरुवात केली. ‘गजराज’ नावाची ही यंत्रणा स्टेशनमास्तरला आणि गाडीच्या चालकाला वेळेत सूचना देते.

समुद्राकडे आपण असेच पाहावे असे मला फार वाटते. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती आणि इथेही माणसे दगावली. अरबी समुद्रात ओवेन भ्रंश आहे, कार्ल्सबर्ग कटक, म्हणजे समुद्रतळावरची डोंगररांग, आहे. मुंबईहून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या केबली ओवेन भ्रंश ओलांडूनच जातात. मॉन्टेरेत वापरलेल्या तंत्राने किनाऱ्याजवळचा शंभरेक किलोमीटर पट्टा ऐकता येईल, मार्रांच्या रीतीने त्यापुढचा. त्यासाठी नवा तंतू टाकायला नको. केबलींचे मालक, हैदराबादचे त्सुनामी इशारा केंद्र आणि भूकंपशास्त्रज्ञ एकत्र बसून कोणाची कोणती माहिती कोणी पाहायची हे ठरवायला हवे. तंतू वरच्या माणसांची पावलेही ऐकतो, त्यामुळे हे ठरवण्याचे काम सोपे नाही; पण ते सरकारने अंगावर घ्यावे, आणि सुरुवात वर्सोव्याला किनाऱ्यावर येणाऱ्या केबलींपासून करावी.