दुग्धशर्करा-असहिष्णुता, प्रौढांतील (बेळ्ळंदूर परिसराच्या संदर्भात)

दूध किंवा दुधाचे पदार्थ खाल्ल्यावर अर्ध्या ते दोन तासांत पोट फुगणे, गुडगुडणे, मुरडा येणे, जुलाब होणे असा त्रास. दुधाची ॲलर्जी वेगळी. ती प्रथिनांची असते आणि थेंबभर दुधानेही जिवावर बेतू शकते. या त्रासात मात्र प्रश्न मात्रेचा असतो.

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. लहान आतड्याच्या अस्तरातले लॅक्टेज हे विकर तिचे ग्लुकोज व गॅलॅक्टोज असे विघटन करते. बहुतेक माणसांत बालपणानंतर ते ओसरत जाते. मग न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते आणि मोठ्या आतड्यातले जीवाणू ती आंबवून वायू सोडतात. जगातल्या सुमारे दोन-तृतीयांश प्रौढांना लॅक्टोज नीट पचत नाही, तेव्हा याला रोग म्हणवत नाही. मोठेपणी दूध पूर्ण पचणे हाच अपवाद. त्यामागचा जनुकीय बदल 2002 मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी दाखवला. भारतातही तोच बदल प्रामुख्याने आढळतो. वायव्येकडून आग्नेयेकडे येताना त्याचे प्रमाण घटते, असे 2012 च्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. निलगिरीतले म्हशी पाळणारे तोडा मात्र दक्षिणेत असूनही दूध पचवतात.

बेंगळुरूच्या आग्नेयेला, बाह्य वर्तुळाकार रस्त्यालगतच्या बेळ्ळंदूरमध्ये आयटी कंपन्यांमुळे देशभरातून तरुण येतात, त्यांत पुण्या-नागपूरकडचेही आहेत. “घरी कधी त्रास नव्हता, इथं आल्यावर सुरू झाला,” ही ठरलेली तक्रार. संशय आधी टँकरच्या पाण्यावर जातो. फेसाळणाऱ्या आणि 2017 मध्ये पेटलेल्या बेळ्ळंदूर तलावाशेजारी राहणाऱ्याला तो येणारच. तो अगदीच पोकळ नसतो, कारण जंतुसंसर्गाने अस्तर दुखावले की लॅक्टेज तात्पुरते घटते आणि काही आठवड्यांत पूर्ववत होते. पण पुष्कळदा बदललेले असते ते खाणे. घरी दोन कप चहा आणि वाटीभर दही असे. येथे सकाळी वाडगाभर दुधात कॉर्नफ्लेक्स, ऑफिसच्या पँट्रीत लाटे, संध्याकाळी जिमनंतर व्हे प्रोटीनचा शेक.

निदानासाठी श्वासातील हायड्रोजनची चाचणी करतात. उपाशीपोटी 25 किंवा 50 ग्रॅम लॅक्टोज पाण्यातून देऊन ठरावीक अंतराने श्वास तपासतात. हायड्रोजन दशलक्षात 20 भागांनी वाढला तर चाचणी सकारात्मक. पन्नास ग्रॅम म्हणजे जवळजवळ लिटरभर दुधातली साखर, एवढे एका दमात कोण पितो? त्यामुळे अहवाल हाती येताच चहा सोडण्याचे कारण नाही. एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत, म्हणजे साधारण कपभर दूध, बहुतेकांना फारसा त्रास न होता चालते; जेवणासोबत घेतल्यास अधिक सोसते. दर्शिनीतल्या (उभ्याने खायच्या उपाहारगृहातल्या) छोट्या पेल्यातल्या फिल्टर कॉफीत चार ग्रॅमच्या आसपासच लॅक्टोज जाते. वजन घटणे, शौचातून रक्त, रात्री झोपमोड करणारे जुलाब ही मात्र या त्रासाची लक्षणे नव्हेत. तेथे डॉक्टरच हवा.

पदार्थागणिक हिशेब बदलतो. तुपात लॅक्टोज जवळजवळ नसते, म्हणून बेसन, साखर आणि तुपाचा पारंपरिक म्हैसूरपाक सहसा बाधत नाही. आटीव दुधाचा बेळगावी कुंदा आणि धारवाडी पेढा बाधतात. चक्का बांधताना निथळणाऱ्या पाण्यासोबत बरीचशी साखर जाते, तेव्हा श्रीखंड बासुंदीपेक्षा सोपे. दह्यातले जीवाणू विरजताना काही साखर खातात आणि पोटात गेल्यावर उरलेलीही पचवायला मदत करतात. दहीभात आणि मज्जिगे (ताक) ही इथली रोजची सोय त्यावरच उभी आहे. कढी उकळली की जीवाणू मरतात, ती मदत उरत नाही. पाकिटांवर ‘मिल्क सॉलिड्स’ आणि ‘व्हे पावडर’ हे शब्द शोधावेत. बिस्किटांत, सूपच्या पुड्यांत ते निघतात. ‘आयसोलेट’ प्रकारच्या व्हेमध्ये लॅक्टोज नगण्य असते.

काचेच्या बाटलीतून सोसायटीत येणाऱ्या महागड्या ‘ए2’ दुधाबद्दल गैरसमज फार. ए2 हा प्रथिनाचा प्रकार आहे, लॅक्टोज त्यात तेवढेच असते. पैसे मोजायचेच तर लॅक्टोज-फ्री दुधावर मोजावेत. त्यात लॅक्टेज मिसळून साखर आधीच फोडलेली असते, म्हणून ते जरा गोड लागते. कॅल्शियम तेवढेच राहते. लॅक्टेजच्या गोळ्याही मिळतात, त्या दुधाच्या पहिल्या घोटाबरोबर घ्याव्या लागतात. बदामाच्या दुधात लॅक्टोज नसते, पण वरून घातलेले नसेल तर कॅल्शियमही फारसे नसते.

दूध पूर्ण तोडणाऱ्यांचे खरे नुकसान कॅल्शियमच्या बाबतीतच होते. प्रौढांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) 2020 मध्ये दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली आहे. कर्नाटकाची रागी, म्हणजेच आपली नाचणी, 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास देते. मुद्देच्या (रागीच्या उकडीच्या) एका गोळ्याने दिवसाची गरज भागत नाही, जोडीला तीळ, राजगिरा, हिरव्या पालेभाज्या आणि काट्यांसकट खाता येणारे लहान मासे लागतात.