शेकरू आधी, अभयारण्य नंतर

भीमाशंकर म्हटलं की काय आठवतं? ज्योतिर्लिंग, श्रावणातली गर्दी, धुकं आणि झाडावर शेकरू दिसलंच तर मोबाइल काढायची धावपळ. आजच्या भागात याच शेकरूच्या निमित्ताने एक प्रश्न: हे जंगल वाचवलं कोणी?

परीक्षेत लिहायचं उत्तर सोपं आहे. १९८५ साली सरकारने भीमाशंकर अभयारण्य जाहीर केलं. पुण्यातले आंबेगाव आणि खेड, रायगडमधलं कर्जत, ठाण्यातलं मुरबाड असे चार तालुके, मिळून सुमारे १३१ चौरस किलोमीटर. मुख्य कारण शेकरू, आपला राज्यप्राणी.

पण जरा मागे जाऊ. १८३१ साली विल्यम साइक्स या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने दख्खनमधल्या प्राण्यांची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध केली. त्यात सह्याद्रीतल्या या मोठ्या खारीला त्याने मुंबईचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचं नाव दिलं. म्हणजे अभयारण्याच्या दीडशे वर्षं आधी शेकरू कागदावर आलं होतं. त्याला सांभाळणारी माणसं मात्र त्या कागदावर नव्हती.

ही माणसं म्हणजे इथले महादेव कोळी. गावोगावी त्यांनी देवराया राखल्या. आंबेगाव तालुक्यातल्या आहुप्याची देवराई तुम्ही ऐकली असेल. नियम साधा: देवाच्या रानात कुऱ्हाड चालवायची नाही. पहारेकरी नाही, दंडाची पावती नाही, पण देवाचा धाक होता आणि गावाची नजर होती. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की आजूबाजूचे डोंगर उघडे पडले तरी या रायांमध्ये जुनी झाडं टिकून आहेत.

दरम्यान १८७८ चा वन कायदा आला होता. सरकारने जंगलं राखीव केली आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारा माणूस आपल्याच रानात परवानगी मागू लागला. इथल्या घरांचा रोख पैसा आजही बराचसा हिरड्यावर येतो. त्यामुळे रानात जाता येतं की नाही, हा त्यांच्यासाठी चुलीचा प्रश्न आहे. जंगलावरचा हा हक्क कायद्याने मान्य व्हायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला.

मग देवराई पुरेशी होती का? नाही, आणि हे शेकरूच सांगतं. ते सहसा जमिनीवर उतरत नाही. फांदीवरून फांदीवर वीसेक फुटांची उडी मारतं, उंच झाडांत काटक्या-पानांची एकाहून जास्त घरटी बांधतं. त्याला एकाला एक भिडलेल्या फांद्या लागतात. एकटी पडलेली देवराई त्याच्यासाठी बेट होते. दोन रायांमधलं रान सलग राखायचं तर एका गावाची शपथ पुरत नाही, तिथे कायदा लागतोच.

म्हणून 'सरकार की गावकरी' हा वादच चुकीचा आहे. गावाने झाडं राखली, कायद्याने त्यांच्यामधली जागा राखायची आहे. रस्ता रुंद झाला, पार्किंग वाढलं, की पहिली तुटते ती वर भिडलेली फांदी. खालून चालणाऱ्या आपल्याला ते कळतही नाही. वरच्या शेकरूचा मात्र रस्ता बंद होतो.

पुढच्या वेळी भीमाशंकरला गेलात, तर फोटो काढायच्या आधी एकदा वर बघा. फांद्या अजून भिडतात का?