सोंगाची खूण

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हणीचा उत्तरार्ध घरोघरी अनुभवास येतो; त्यासाठी व्याख्यानाची गरज नाही. आम्हांला आज पूर्वार्धाविषयी बोलावयाचे आहे. सोंग आणता येते म्हणजे काय होते? अंगावर चार वस्त्रे चढविल्याने कालचा शेजारी आज राम कसा होतो?

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी, गोसीखुर्द हे गाव आहे. महाराष्ट्राला त्याचे नाव धरणामुळे ठाऊक झाले. ह्या गावातील एका मुलाने घरातल्या जुन्या इंद्रजाल कॉमिक्सच्या अंकात वेताळ पाहिला, आणि शाळेच्या संमेलनात आपणही वेताळ व्हावे असे त्याच्या मनाने घेतले, अशी कल्पना करू. घरची वडीलधारी मंडळी काय म्हणतील? ‘हे कसले परदेशी खूळ? त्यापेक्षा कृष्ण हो, शिवाजी हो.’ आमच्या मते येथे मंडळींची थोडी चूक होत आहे, आणि ती इतिहासाच्या आधारे दाखविता येण्याजोगी आहे.

खूळ परदेशातही आहे, हे खरे. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये विज्ञानकथांच्या वाचकांचे पहिले जागतिक संमेलन भरले. तेथे फॉरेस्ट अॅकरमन व मर्टल डग्लस हे दोघे भविष्यकाळातील माणसांचा पोशाख करून गेले. दोन्ही पोशाख मर्टल डग्लस यांनी स्वतः शिवले होते. पुढे जपानात ह्या हौसेला ‘कॉस्प्ले’ असे नाव पडले. पोशाख आणि खेळ ह्या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द जोडून ते बनले आहे. २०११ च्या फेब्रुवारीत दिल्लीला चित्रकथांचा पहिला कॉमिक कॉन मेळा भरला आणि अशी सोंगे आपल्याकडेही दिसू लागली. नाव नवे आहे; काम मात्र जुने आहे, आणि मराठी माणसाच्या तर चांगल्याच परिचयाचे आहे.

प्रथम गोसीखुर्दच्या शेजारीच पाहू. पवनीला १९६९-७० साली प्राचीन स्तूपाचे उत्खनन झाले. तेथे सापडलेल्या शिल्पांत मुचलिंद नागाचे शिल्प आहे. पावसात बसलेल्या बुद्धावर फणा धरणारा तो हा नाग. त्या काळचे शिल्पकार बुद्धाची मानवी आकृती कोरीत नसत. रिकामे आसन, बोधिवृक्ष, पाउले एवढे कोरले की पाहणाऱ्यास अर्थ कळे. म्हणजे मूर्ती नसताना केवळ खुणेवरून पात्र ओळखण्याची सवय ह्या परिसराला दोन हजार वर्षांची आहे! सोंगाचे सारे शास्त्र ह्या एका सवयीवर उभे आहे.

आता रंगभूमीकडे वळू. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले. चिंतामणराव पटवर्धनांचा त्यांना आश्रय होता, आणि कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ हे त्यांना निमित्त झाले. त्या नाटकांत नेपथ्य बेताचेच असे. पात्र कोण हे पोशाखाने आणि प्रवेशाच्या रीतीनेच सांगावे लागे. गजमुख दिसले की गणपती, मोरावर बसून आली की सरस्वती, आरडाओरडा करीत शिरला तो राक्षस. कोकणच्या दशावतारात संकासुराची, जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवट्यांची हीच गोष्ट. मुखवटा चढविला की आतला माणूस कोणाच्या घरचा, हे गाव काही घटका विसरावयास तयार होते.

परंतु देवांचे चेहरे आणि वस्त्रे ही गावोगाव निरनिराळी होती. त्यांस एकसारखेपणा आला तो छापील चित्रामुळे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्यातून निघालेली लक्ष्मी आणि सरस्वती घराघराच्या भिंतीवर चढल्या. ह्या देवींच्या अंगावरील लुगडे आपल्या लोकांना परके वाटले नाही. एकदा चित्र घरात आले की लोक रंगभूमीवरच्या पात्राची त्याच्याशी तुलना करू लागतात. सोंग चित्राप्रमाणे हुबेहूब असावे ही अपेक्षा येथून दृढ झाली. आजच्या मुलाची जी हौस, तिचे मूळ ह्या भिंतीवरच्या चित्रात आहे.

ह्या बाबतीत दादासाहेब फाळके यांचे काम फार बोलके आहे. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ते छपाईच्या धंद्यात होते. १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीसाठी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके यांना त्यांनी तारामती केले. १९१७ सालच्या ‘लंकादहन’मध्ये तर ह्याच साळुंक्यांनी राम आणि सीता ह्या दोन्ही भूमिका केल्या. प्रेक्षकांनी दोघांनाही मान्य केले. एकच माणूस धनुष्य घेऊन राम होतो आणि पदर घेऊन सीता होतो, ह्याहून सोंगाच्या सामर्थ्याचा दुसरा पुरावा कोणता हवा? १९१९ सालच्या ‘कालियामर्दन’मध्ये त्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. त्या चित्रपटाच्या आरंभी ती प्रथम साध्या रूपात दिसते, आणि मग प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत तिचा कृष्ण होतो. ही तुमच्याआमच्यासारखीच एक मुलगी आहे, हे फाळके लपवीत नाहीत. आधी मुलगी दाखवितात, मग कृष्ण. सोंगात फसवणूक नसते. पाहणाऱ्याची संमती असते.

चित्रातून रंगभूमीवर आणि पडद्यावर गेलेली ही वस्त्रे पुन्हा चित्रात परतली. १९६७ साली अनंत पै यांनी अमर चित्र कथा सुरू केली. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांसारख्या मराठी चित्रकारांनी तिचे देव आणि वीर रेखाटले. त्या अंकांतील मुकुट आणि पितांबर पाहिले की रविवर्म्याची आठवण होते. आज ज्यास आपण ‘आपला कृष्ण’ म्हणतो, त्याचा पोशाख असा छापखाना, नाटक, पडदा आणि चित्रकथा ह्यांच्या हातांतून फिरून आलेला आहे. मग कृष्ण झालेला मुलगा आणि वेताळ झालेला मुलगा ह्यांत फरक तो किती? दोघेही छापील चित्रच अंगावर घेत आहेत.

वेताळाची गोष्ट तर ह्या बाबतीत मोठी उपयुक्त आहे. ली फॉक ह्या अमेरिकन लेखकाने १९३६ साली ‘फँटम’ निर्माण केला. १९६४ च्या मार्चमध्ये इंद्रजाल कॉमिक्सने भारतात त्याचे अंक काढण्यास आरंभ केला, आणि १९९० पर्यंत ही मालिका चालली. त्याचा अंगरखा अमेरिकेत जांभळा, स्वीडनमध्ये निळा, तर इटलीत तांबडा छापला जाई. असे असून कोणत्याही देशातल्या वाचकाला तो ओळखण्यास अडचण पडली नाही. कारण त्याची ओळख रंगात नाही; अंगाला घट्ट बसलेल्या वस्त्रात, डोळ्यांवरच्या पट्टीत, पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत आणि बोटातल्या कवटीच्या अंगठीत आहे. उत्तम सोंग करणाऱ्याने पहिला प्रश्न विचारावयाचा तो हाच: काय काढून टाकले तरी पात्र उरते, आणि काय काढले की ते नाहीसे होते?

ह्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावर कारागिरीला आरंभ. बाजारातून चकचकीत तयार पोशाख आणणे सोपे आहे. पण तो शोभत नाही, कारण तो कोणाच्याच मापाचा नसतो. आमच्या मुलाने बनियनचे विणीचे कापड घ्यावे. साधे कापड ताणत नाही, आणि हात वर करताच काखेत फाटते. शिवण नागमोडी टाक्याची घालावी, म्हणजे कापडाबरोबर तीही ताणली जाते. टोपी आणि अंगरखा एकाच रंगाच्या भांड्यात एकाच वेळी बुडवावे. दोन वेळा रंगविले तर छटा जुळत नाही. चड्डीवरचे पट्टे रंगाने काढू नयेत, तडकतात, कापून शिवावे. डोळ्यांची पट्टी आधी कागदावर कापून तोंडाला लावून पाहावी. भंडारा तर पितळेच्या कामाबद्दल नावाजलेला. तेव्हा अंगठीची अडचण नसावी. कृष्णच व्हावयाचे असेल तर मोहाडी-आंधळगावच्या कोशाइतका सुंदर पितांबर कोणत्या दुकानात मिळेल? सरतेशेवटी पोशाख घालून धावून, वाकून, बसून पाहावे. आरशासमोर उभे राहणाऱ्याचा पोशाख वेगळा, आणि रात्रभर रंगमंचावर वावरणाऱ्याचा वेगळा.

हे शेवटचे ज्ञान गोसीखुर्दच्या माणसास कोणी शिकवावयास नको. हा मुलूख झाडीपट्टीचा. दिवाळीनंतर मंडई भरते, दंडार उभी राहते. शंकरपटाच्या निमित्ताने नाटक होते आणि ते पहाटेपर्यंत चालते. दंडारीत पुरुषच स्त्रीवेष घेत आले. आज वडसा येथील नाटकमंडळ्या गावोगाव जातात. २०२३ साली झाडीपट्टीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा ह्या रंगभूमीकडे शहरातल्या लोकांचे थोडेसे लक्ष गेले. बालगंधर्वांनी भरजरी शालू आणि खरी अत्तरे ह्यांवर पाण्यासारखा पैसा ओतला, ते वैभव मराठी माणूस विसरणार नाही. त्यांची मंडळी कर्जात बुडाली, हेही विसरणार नाही. झाडीपट्टीच्या नटाला तो मार्ग मोकळा नव्हता. बेगड, पुठ्ठा, खळ आणि घरचे लुगडे एवढ्यावर त्याने राजे आणि राण्या उभ्या केल्या. प्रेक्षक लांब बसलेला, उजेड बेताचा. तेथे सोन्याचे काम बेगड करते, फक्त मुकुटाचा आकार अचूक पाहिजे. आरंभीच्या म्हणीचा पूर्वार्ध येथे खरा होतो.

आणि येथेच एक काळजीची गोष्ट सांगितली पाहिजे. गोसीखुर्द धरणाची कोनशिला १९८८ साली बसली; २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. वैनगंगेच्या फुगवट्याखाली गावे गेली, माणसे पुनर्वसनाच्या वसाहतींत गेली. धरणाने शेतीला पाणी मिळते, ते आम्ही नाकारीत नाही. पण मोबदल्याच्या हिशेबात घर, जमीन, विहीर, झाड ह्यांना रकाना असतो. दंडारीच्या पोशाखाच्या पेटीला नसतो. पेटी तरी उचलून नेता येईल. ज्या चौकात ती उघडत असे तो चौक, आणि पात्राने पाऊल टाकताच ‘हा अमुक’ म्हणून ओळखणारी ती ठरावीक माणसे, ती एकत्र कशी न्यावयाची? खूण करणारा एकटा असला तरी चालतो. खूण पटणारे मात्र पुष्कळ लागतात. सोंग पुरे होते ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांत.

म्हणून आमचे वडीलधाऱ्यांना सांगणे एवढेच की, वेताळ होऊ इच्छिणाऱ्या मुलाला हसू नका. त्याच्याजवळ बसा. खूण कोणती, शिवण कशी, मुकुट डोक्यावर कसा टिकवितात, हे तुम्हांला ठाऊक आहे आणि त्याला हवे आहे. दंडारीत ज्याने कधी लुगडे नेसले असेल त्या आजोबांनीच नातवाच्या डोळ्यांवर वेताळाची पट्टी बांधावी. ह्या वर्षी तो वेताळ होईल. पुढच्या मंडईला कदाचित स्वतःहून दंडारीत उभा राहील. आणि न राहिला तरी सोंग कसे ओळखावे हे जाणणारा एक प्रेक्षक गावात वाढलेला असेल. रंगभूमीला नटापेक्षा त्याचीच गरज अधिक आहे.