टपालाच्या वाटेने दुसऱ्या घरी

मुंबईस न्याहारी करून निघालेल्या मनुष्याने त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी, लंडनमधील आपल्या दुसऱ्या घराचे कुलूप उघडावे आणि वाटेत त्याच्या पेल्यातील पाणीही हिंदकळू नये, ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की, तिला काही पूर्वेतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक परदेशातील 'दुसरे घर' ही कल्पनाच विमानाने शक्य केली, असे माझे मत आहे. आगबोटीच्या काळात बॅलार्ड पिअरवरून निघालेला विद्यार्थी एडन, सुएझ, पोर्ट सैद असे मुक्काम करीत दोन-तीन आठवड्यांनी विलायतेस पोहोचे, तो कित्येक वर्षांसाठी. आईच्या आजाराची तार हाती पडली तरी तिच्या उशाशी वेळेवर येणे त्याला अशक्य असे, आणि जेथून वेळेवर परतता येत नाही ते स्थान, कितीही प्रिय झाले तरी, परमुलूखच राहते.

या आकाशमार्गाची हकीकत टपालापासून सुरू होते. 1929 मध्ये लंडनचे हवाई टपाल कराचीपर्यंत येऊ लागले. आणि 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी 'पस मॉथ' नावाच्या चिमुकल्या एकइंजिनी विमानातून ते टपाल कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर उतरविले. पावसाळ्यात ते मैदान जलमय होई, तेव्हा टपाल पुण्यास उतरवावे लागे. त्याच 1932 साली लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळाची स्थापना झाली, या योगायोगाचे मला फार अप्रूप वाटते: तिकडे मराठी मंडळी एकत्र येत होती, आणि इकडे त्यांची पत्रे लवकर पोहोचण्याची तजवीज होत होती.

एअर इंडियाच्या विमानाने माणसांनी विलायतेस जाण्याची पाळी 8 जून 1948 रोजी आली. 'मलबार प्रिन्सेस' हे चार इंजिनांचे कॉन्स्टेलेशन विमान त्या रात्री मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गे लंडनला निघाले. त्याच्या बंद कक्षात हवेचा दाब राखण्याची सोय असल्यामुळे ते पुष्कळशा वादळी ढगांच्या वरून उडू शके. प्रवासाच्या निर्वेधपणाचे बीज या एका युक्तीत आहे. पुढे 1960 मध्ये एअर इंडियाची बोइंग 707 जेट विमाने आली आणि दिवसांचा हिशेब तासांवर आला.

परंतु हा निर्वेधपणा सहजासहजी लाभलेला नाही. तीच 'मलबार प्रिन्सेस' 3 नोव्हेंबर 1950 रोजी आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर आदळली आणि 48 जीव गेले; उतारूंमध्ये बहुतेक हिंदी खलाशी होते, बोटीवर रुजू होण्यासाठी विमानाने निघालेले. त्यांचे परदेशात दुसरे घर नव्हते, तरी आपल्या सुखप्रवासाच्या दप्तरात त्यांची नोंद मला अग्रभागी हवी. 24 जानेवारी 1966 रोजी त्याच पर्वतावर 'कांचनजंगा' हे 707 विमान कोसळले आणि डॉ. होमी भाभांसह 117 जण गेले. त्या विमानातील भारत सरकारच्या परराष्ट्र खात्याची एक टपालथैली तेथील हिमनदीने शेचाळीस वर्षे उदरात सांभाळली, आणि 2012 च्या ऑगस्टमध्ये ती बर्फावर वर आलेली सापडली.